दोरीच्या आतला डोह

मुलांनो, नीट मांडी घालून बसा. एका जंगलात प्राणी मडक्यांतून पाणी पीत असत. झरा शेजारी असताना मडके कशाला, असे विचारू नका. घरात मडके असणे हे सुधारल्याचे लक्षण होते.

ही मडकी तरसशेठच्या कारखान्यात होत. मडकी फुटत, खापरे वाटेवर पडत, हरणांच्या खुरांत रुतत. फार ओरड झाली. तेव्हा तरसशेठने वडाखाली सभा घेतली.

"फुटकं द्या, नवं न्या," तो म्हणाला. "खापराची भुकटी करू, भुकटीचं मडकं करू. नवी माती चिमूटभर लागणार नाही. सगळं गोल फिरत राहील. याला आपण मडकेचक्र म्हणू."

प्राण्यांना गोल गोष्टी आवडतात. चंद्र गोल, फळे गोल. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पूर्वी साळू माकडिणीचे मडके तीन पावसाळे टिकायचे. आता ती दर पंधरवड्याला मडके दगडावर आपटू लागली आणि खापरे घेऊन कारखान्यात जाऊ लागली.

"चांगलं होतं की गं ते," भागी कासवीण एकदा तिला म्हणाली.

"शेवाळाचा डाग पडला होता. आणि मी टाकते थोडीच? परत देते. मी जितकी फोडीन तितकं जंगल वाचेल, असं शेठ म्हणतात. तू किती फोडलीस?"

भागीकडे मडके नव्हते. ती पाण्यातच राहायची. साळूला तिची कीव आली.

भागीचा डोह कारखान्याच्या उताराला होता. जुनी खापरे आधी खाराच्या झणझणीत पाण्यात धुवावी लागत. ते पाणी ओहोळाने डोहात येई. एकदा भाजलेली माती पुन्हा भाजायला जाळही दुप्पट लागे, म्हणून डोहावरची अंजनाची झाडे गेली होती. पण झाडांविषयी कुणी बोलत नव्हते. झाडे काही परत मागायला येत नाहीत.

चैत्रात भागीचा नवरा भिवा गेला. दोन दिवस तो डोळे चोळत होता. तिसऱ्या दिवशी तो पाण्यावर आला, पण श्वास घ्यायला नव्हे. शेठचे कोल्हे डोहाच्या सफाईला आले होते, त्यांनी त्याला उचलून नेले. भागी काठावरच होती. कुठे नेता, असे विचारायचे तिला सुचले नाही. नंतर बरेच दिवस ती कपारीत बसताना एका अंगाला जागा सोडून बसे.

काठच्या वाळूत तिची अकरा अंडी पुरलेली होती. वैशाख सरता सरता पिले निघणार आणि निघाल्या निघाल्या पाण्याकडे धावणार. कासवाच्या पिलांना ते शिकवावे लागत नाही. त्याआधी ओहोळ दुसरीकडे वळवायला हवा होता. भागी चढ चढून शेठकडे गेली. चढायला तिला दीड दिवस लागला.

"वहिनी, मी नाही म्हणतच नाही," तरसशेठ म्हणाला. "पण मनानं काही करता येत नाही. चक्रामुळे जंगलाचं भलं होतं की वाईट, याचं मूल्यमापन करायला बगळेसाहेब येताहेत. ते म्हणाले 'वळवा', की लगेच वळवू."

बगळेसाहेब आले. ते दूरच्या तळ्यावरचे मोठे तज्ज्ञ होते. एका पायावर तासन् तास उभे राहून ते विचार करत. विचार संपला की तळ्यातला एक मासा कमी झालेला असे, पण त्याचा संबंध कुणी विचारांशी जोडत नसे.

साहेबांची पद्धत साधी होती. ज्याचे मूल्यमापन करायचे त्याच्याभोवती दोरी टाकायची. दोरीच्या आत जे घडेल ते मोजायचे. बाहेरचे मोजायचे नाही. दोरी शेठने दिली होती. साहेबांनी ती कारखान्याभोवती गोल फिरवली. खापरे आत आली, मडकी आत आली. ओहोळाचे तोंड दोरीच्या दोन हात बाहेर राहिले.

भागी दोरीपाशी येऊन थांबली.

"साहेब, पाणी खाली जातं. माझा डोह खाली आहे."

"असेल," बगळा म्हणाला. "पण तो दोरीच्या बाहेर आहे."

"मग दोरी वाढवा."

"दोरी एवढीच आहे, बाई."

"जंगलात वेली काय कमी आहेत? मी आणते."

शेठच्या कोल्ह्यांना हसू आले. पण भागीने खरेच वेल आणली. कासविणीने वेल ओढत चढ चढायला किती वेळ लागतो, ते तुम्ही घरी करून पाहा. चौथ्या दिवशी ती पोचली, तेव्हा तिच्या तोंडाची कड सोलली होती. तरसशेठने वेल हातात घेतली, तिची लांबी पाहिली, डोहाकडे पाहिले आणि कधी नव्हे इतक्या आदराने म्हणाला, "वहिनी बरोबर बोलताहेत, साहेब. डोह आत घ्या."

दोरी वाढली. डोह आत आला. वाळू आत आली, अकरा अंडी आत आली. त्या दिवशी भागी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी मोजणी झाली. बगळा वाचत होता, कोल्हे लिहून घेत होते, साळू माकडीण नवे मडके कडेवर घेऊन ऐकत होती.

"ओहोळाचे पाणी. पूर्वी ते चक्राबाहेर वाया जात होते. आता डोह चक्राच्या आत आहे. म्हणजे पाणी आतच राहते. उत्तम. मेलेले मासे. पूर्वी नुसते कुजत. आता शेठ त्यांचे खत करतात. उत्तम. अंजनाची झाडे. त्यांची राख होते, राखेचा खार होतो, खाराने खापरे धुतात. उत्तम."

"आणि हे?" एका कोल्ह्याने विचारले.

त्याच्या हातात चिखल वाहायचे घमेले होते. कवचाचे. डाव्या कडेला एक टवका उडालेला होता. भागीला तो टवका माहीत होता. लग्नाच्या वर्षी काठावरून दगड घसरला होता. भिवा मध्ये आला नसता, तर तो तिच्या पाठीवर पडायचा.

"ते भिवाचं आहे," भागी म्हणाली.

"नोंद घेतो," बगळा म्हणाला. "माल स्थानिक आहे. म्हणजे वाहतूकही वाचली."

त्याने चक्राला शंभरापैकी एकशे पाच गुण दिले. वरचे पाच डोहाला आत घेण्याच्या उदार दृष्टीबद्दल होते. साळूने आनंदाच्या भरात हातातले मडके जागीच फोडले.

गर्दी पांगल्यावर भागी शेठपाशी गेली.

"ओहोळ वळवणार ना?"

"आता कसा वळवू, वहिनी? वळवला तर पाणी दोरीच्या बाहेर जाईल. चक्र मोडेल. साहेबांचा शब्द आहे."

भागीने घमेल्याकडे पाहिले.

"मग ते घमेलं तरी मला द्या."

"अवश्य. परत देणं हाच आपला धंदा." तरसशेठ खरोखरच मायेने बोलला. "पण नियम सगळ्यांना एकच. जुनं द्यायचं, तेव्हा मिळतं. तुमच्याकडे जुनं काय आहे?"

भागीने दोन्ही हात मातीवर ठेवले. तिच्याकडे काहीच नव्हते. तरसशेठ तिच्या पाठीकडे पाहत होता.

"घाई नाही, वहिनी," तो म्हणाला. "आम्ही थांबू."

वैशाखाच्या शेवटच्या आठवड्यात वाळू हलली. एकेक करून अकरा पिले वर आली आणि डोळे उघडायच्या आत पाण्याकडे धावली. भागी त्यांच्या आणि पाण्याच्या मध्ये आडवी बसली. पिले तिच्या कवचावर आपटत होती, उलटी होत होती, पुन्हा धावत होती. तिने एकेकाला तोंडाने धरून उलट्या दिशेला वळवले. वळवलेले पुन्हा फिरत होते. हे बराच वेळ चालले.

शेवटी ती सगळी निघाली. पुढे अकरा पिले आणि मागे भागी, पाण्याकडे पाठ करून, चढाने. दोरी ओलांडताना तिने वेल तोंडात धरून उचलली, म्हणजे लहानांना खालून जाता येईल.

दुसरे पाणी त्यांना मिळाले की नाही, ते ठाऊक नाही. मूल्यमापनात त्याची नोंद नाही. ती दोरीच्या बाहेर गेली होती.

तात्पर्य : मुलांनो, जगात काहीही वाया जाऊ देऊ नये. मेलेला नवरासुद्धा घमेले म्हणून उपयोगी पडतो. जिवंत बायकोचे काय करावे, हे मात्र अजून ठरलेले नाही. त्यासाठी बगळेसाहेब पुढच्या महिन्यात पुन्हा येत आहेत आणि या खेपेला दोरी स्वतःची आणणार आहेत.