केसरबाईंचं बळ एकोणीस

या खेपेला असा प्रदेशग्रंथ लिहायचा, की अंबाजोगाईच्या चारही खेळगड्यांनी तोंडात बोटं घातली पाहिजेत, असं अंगदनं ठरवलं होतं! "एक खोट काढून दाखवा, मिशा उतरवतो," असं त्यानं रामेश्वरला फोनवर ठणकावलंसुद्धा. माणसानं असं बोलू नये. सटवाईचे कान फार तिखट असतात.

आधी हा खेळ काय ते सांगायला हवं. अंगद अंबाजोगाईच्या एका ज्युनियर कॉलेजात प्रयोगशाळा सहाय्यक. दर रविवारी दुपारी तो आणि त्याचे चार मित्र रामेश्वरच्या औषधदुकानावरच्या खोलीत जमतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यात योद्धे, मांत्रिक, चोर होऊन हिंडतात, आणि लढाई जुंपली की वीस बाजूंचा फासा टाकून कोण जगलं, कोण मेलं ते ठरवतात. गोष्ट ज्या काल्पनिक मुलखात घडते त्याची सगळी माहिती ज्या पुस्तकात असते, तो प्रदेशग्रंथ. गोष्ट सांगायचं काम अंगदचं, म्हणून ग्रंथ लिहायचंही त्याचंच.

त्याचा पहिला ग्रंथ साफ पडला होता. वर्षभर खपून त्यानं सतरा राजांची वंशावळ आणि चार युगांचा इतिहास लिहिला. रामेश्वरनं पानं चाळली.

"अंगद, हे सतरा राजे कावून?"

"इतिहास हाय तो!"

"जिवंत हायती का?"

"न्हाई. सगळे मेले."

"मग आमी भांडायचं कुणाशी बे?"

आणि मग चौघंही सुटले! नकाशा हाय, पण या गावावरून त्या गावाला जायला किती येळ लागतो ते न्हाई. घसा कोरडा पडला तर बसायचं कुठं ते न्हाई. शेवटी रामेश्वरनं सगळ्यांच्या मनातलं एका दमात सांगितलं. "हे बघ, आमी घाटात शिरलो की पहिल्यांदा कोण आडवं येणार? त्याला काय पायजे? तो कुणाला भितो? त्याचं कुणाशी वाकडं हाय आन् कशावरून? गावात कुजबुज काय चाललीय? येवढं लिही. राजाचा खापरपणजा नेऊन घाल चुलीत!"

अंगद आठ दिवस फुगून बसला. मग दिवाळीच्या सुट्टीत तो गावी गेला, पारावर टेकला आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नांदूरघाटच्या अलीकडचं त्याचं गाव म्हणजे दुसरं काय होतं? कोण कुणाशी बोलत नाही, कुणाला काय हवंय, कोण कुणाला टरकून असतं, हे तर त्याला तोंडपाठ होतं! त्यानं वही काढली. नावं बदलली, कुणाला शिंगं लावली, कुणाला शेपूट. पण शिंगं लावली म्हणून माणसाची चालण्याची ढब थोडीच लपते?

गावचे पुढारी मोहनराव झाले घाटातला दैत्य महोदर. 'पांढरे कपडे घालतो. वाटेत अडवून आधी ख्यालीखुशाली विचारतो, मग वाट देतो. बळ विसापैकी चौदा. भीती: घरची.' अंगदचे वडील रामहरी अण्णा झाले कासवांचा राजा. 'एक निर्णय घ्यायला तीन ऋतू लागतात.' आणि मोहनरावांच्या बायकोचं, केसरबाईंचं, पान तर त्याला इतकं साधलं की लिहून झाल्यावर त्यानं स्वतःच दोनदा वाचलं. 'राणी केशरा. बळ एकोणीस. हा सगळा मुलूख खरं तर हीच चालवते. पण हे अजून कुणाच्या ध्यानात आलेलं नाही. तिच्या स्वतःच्याही नाही.'

त्याच दिवसांत गावात ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. सरपंचपद बाईसाठी राखीव. अर्ज दोनच उरले होते: एक अंगदच्या आईचा, छबुबाईंचा, आणि दुसरा केसरबाईंचा. मोहनराव आणि रामहरी अण्णा यांच्यात पोळ्याला कुणाची बैलजोडी आधी तोरणाखालून जाणार यावरून अकरा वर्षं अबोला होता. इतका की एकाच्या घरी बारसं असलं तर दुसऱ्याच्या घरी मुद्दाम सत्यनारायण! पण गावानं मध्ये पडून दोघांना एकत्र बसवलं. या वेळी सरपंच छबुबाई, उपसरपंच मोहनरावांच्या बाजूचा, निवडणूक बिनविरोध. सोमवारी दुपारी तीनच्या आत केसरबाईंनी केजच्या तहसीलीत जाऊन अर्ज मागे घ्यायचा. सही त्यांचीच लागणार होती.

छबुबाईंनी आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं. पण सरपंच व्हायचं त्यांच्या फार मनात होतं. शाळेमागच्या हापशाला पाणी आणायचं, एवढं एकच त्या रोज म्हणायच्या. नवं लुगडंही आणून ठेवलं होतं. मात्र मतदान झालं तर मोहनरावांपुढे आपला निभाव लागणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

आणि नेमक्या त्या आठवड्यात अंगदनं ग्रंथाच्या सहा प्रती छापायला टाकल्या! नांदूरघाटला तानाजीचं झेरॉक्सचं दुकान आहे. निवडणुकीच्या हंगामात तिथं पाय ठेवायला जागा नसते. मोहनरावांच्या मतदार याद्यांच्या सहा प्रतीही तिथंच बांधायला आल्या होत्या. तानाजीनं अंगदची पानं उलटली. घरागणिक माणूस, त्याचं बळ, त्याची भीती, त्याचं कुणाशी वाकडं, तो कशानं वळेल. तानाजी वीस वर्षं पुढाऱ्यांचे कागद छापत आला होता. असे कागद कुणाचे असतात हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती! त्यानं ग्रंथाच्या सहा प्रती मोहनरावांच्या घरी पोहोचवल्या, आणि उरलेला गठ्ठा अंगदसाठी बांधून ठेवला.

रविवारी अंगद तो गठ्ठा न उघडताच थेट अंबाजोगाईला घेऊन गेला. चौघांपुढे मोठ्या ऐटीत त्यानं दोरी सोडली. रामेश्वरनं पहिली प्रत उचलली आणि वाचायला लागला.

"अनुक्रमांक एक. गहिनीनाथ. वय सदुसष्ट. पुरुष. घर क्रमांक चार." त्यानं मान वर केली. त्याचे डोळे चमकत होते. "वा रे पठ्ठ्या! ह्याला म्हनतात प्रदेशग्रंथ! घर क्रमांकासकट!"

"खापरपणजा न्हाई, काई न्हाई," दुसरा म्हणाला. "माणूस वळखीचा वाटतो राव!"

अंगदनं प्रत हिसकावून घेतली. मतदार यादी! मग माझा ग्रंथ कुठंय? तानाजीला फोन लावला, तर तानाजी म्हणाला, "मोहनरावाकडंच तर दिला! तू आनलेला गुप्त कागद हाय म्हनून सांगून स्वतः नेऊन दिला. कावून, काय झालं?"

तेवढ्यात रामहरी अण्णांचा फोन आला. अण्णा फोनवर कधीच ओरडत नाहीत, एवढं एक बरं होतं. ते हळू बोलतात, आणि ते जास्त वाईट.

"अंगद, तू मोहनरावाच्या घरावर काई लिहिलंय का?"

"अण्णा, ते खेळातलं हाय..."

"मला कासव म्हनलास म्हनं?"

"राजा म्हनलोय, अण्णा! कासवांचा राजा!"

अण्णांनी बराच वेळ विचार केला. "घरी ये," ते म्हणाले.

अंगद मिळेल त्या एसटीनं दिवेलागणीला घरी पोहोचला. गावात एव्हाना गोष्ट आपल्या पायांनी हिंडून आली होती. रामहरीनं पोराकरवी घराघराचा कच्चा चिठ्ठा काढला! वरून गोड बोलून बिनविरोध करायचं आणि आतून कुणाचं दुखतं कुठं ते लिहून ठेवायचं! गहिनीनाथ म्हाताऱ्याला तर कुणीतरी सांगितलं होतं की तुझ्या नावापुढं शेपूट आहे. तो संध्याकाळभर ओसरीवर पाठ भिंतीला लावूनच बसला. छबुबाईंनी नवं लुगडं मुकाट्यानं पेटीत परत ठेवलं. अंगदला वाटलं, यापेक्षा दोन मुस्कटात दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

सोमवारी सकाळी नऊला मोहनराव दारात उभे! हातात ग्रंथ. अकरा वर्षांत त्यांनी या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. अंगदनं मनातल्या मनात आपलं बळ मोजलं. ते दोनच्या आसपास भरलं.

"काका, माझं चुकलं. तुमाला दैत्य..."

"ते दैत्याचं मरू दे!" मोहनरावांनी ग्रंथ हवेत नाचवला. "दैत्य झालो, काई न्हाई! राजकारणात कोण काय काय म्हनतं, आमी ऐकून हाव. पर तिचं एकोणीस कावून लिहिलंस बे?"

"कुणाचं?"

"घरचीचं! काल सकाळी पुस्तक आलं. मी म्हनलं वाचून तर दाखव, माझा चष्मा सापडंना. तिनं वाचलं. ते पान आलं आन् गप झाली. परत वाचलं. मग मला म्हनली, 'अवो, हे खरं हाय!' आन् आता म्हनती, अर्ज मागं घेनार न्हाई. मुलूख मी चालवते तर सरपंच मीच व्हनार! आज सकाळी चहा मागितला, तर म्हनली, चौदावाल्यानं आपला आपून करून घ्यावा!"

रामहरी अण्णांनी तोंडावर उपरणं धरलं. ते हसत होते की खोकत होते, ते कळायला मार्ग नव्हता.

"लेका, ते बारा कर," मोहनरावांनी चक्क हात जोडले. "तेरा कर. तुज्या हातात हाय. तिला सांग, छापताना चूक झाली. गावाला सबूद दिलाय मी, अण्णाला दिलाय. तीन वाजता माजी काय इज्जत ऱ्हाईल?"

म्हणजे मोहनरावांचा राग नव्हताच! अंगदला अर्धं हायसं वाटलं. पण उरलेलं अर्धं केसरबाईंच्या हातात होतं. अंगद, दोन्ही म्हातारे आणि त्यांच्यामागून छबुबाई अशी वरात मोहनरावांच्या घरी निघाली. अकरा वर्षांनी दोघं बरोबर चालताना बघून अर्धं गाव ओट्यांवर आलं.

केसरबाई सोप्यात खुर्चीवर बसल्या होत्या. ती खुर्ची आजवर मोहनरावांची होती. मांडीवर ग्रंथ उघडा होता.

"ये रे," त्या अंगदला म्हणाल्या. "हे तूच लिहिलं?"

"हो, काकू. पर ते आकडे म्हंजी..."

मोहनराव मागून खुणा करत होते. बारा! तेरा! बोटांनी दाखवत होते बिचारे! अंगदनं तोंड उघडलं आणि केसरबाईंकडे बघितलं. त्यांनी त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवला होता.

"बरोबर हायती आकडे, काकू," तो म्हणाला.

मोहनराव मटकन खाली बसले.

"मग!" केसरबाई म्हणाल्या. "पस्तीस वर्सं झाली ह्या घरात येऊन. दारात आल्या माणसाचं काम कुणाकडून व्हईल ते मी सांगते आन् हे बाहेर जाऊन मिरवतात. कुणी म्हनलं का कधी? ह्या पोरानं लिहिलं. आता सांग छबुबाई, मी कावून माघार घ्यायची?"

छबुबाई दाराशीच उभ्या होत्या. "न्हाई घेतली तरी काय म्हनू, केसरबाई," त्या म्हणाल्या. "तुमचं खरंच हाय. मला तेवढं शाळेमागल्या हापशाला पानी आनायचं व्हतं. तुमी आना. लई झालं."

केसरबाईंनी अंगदकडे वळून विचारलं, "हिचं बळ किती रे?"

अंगदनं मान खाली घातली.

"पान कितवं? मी सगळं वाचलं, मला कुठं घावलं न्हाई."

"न्हाई, काकू."

"न्हाई म्हंजी?"

"आईचं पान... लिहायचं ऱ्हायलं."

अंगदला खरंच आता आठवलं. शेपटीवाले, शिंगवाले, पारावरचं भुंकणारं कुत्रंसुद्धा होतं त्या ग्रंथात, त्याचं बळ सहा! आणि जिच्या हातची भाकर खाऊन तो हे लिहीत होता, ती कुठंच नव्हती. छबुबाईंनीच मग त्याची बाजू घेतली. "आसंल गडबडीत ऱ्हायलं," त्या म्हणाल्या. "मी कुठं घाटात आडवी येते कुणाला."

केसरबाईंनी पुस्तक फाटकन मिटलं.

"अवो," त्यांनी नवऱ्याला हाक मारली, "जीप काढा. केजला जायाचंय."

"सही करनार?" मोहनराव उठून उभेच राहिले.

"करते. पोटच्या पोराच्या वहीत बाईला जागा न्हाई, निदान पंचायतीत तरी नाव लागू द्या हिचं! पर हापशाचं काम मला इचारून करायचं, छबुबाई. कुणाकडून व्हईल ते मला ठावं हाय."

दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी अर्ज मागे निघाला. छबुबाई बिनविरोध सरपंच! गुलाल उधळला. मोहनराव आणि रामहरी अण्णा एकाच जीपमधून परत आले आणि येता येता त्यांनी पोळ्याचं भांडण एकदा पहिल्यापासून आठवून बघितलं. दोघांच्याही आठवणीत दुसऱ्याचीच जोडी आधी गेली होती. मोहनराव इतके खूश होते की संध्याकाळी त्यांनी अंगदला बाजूला घेऊन विचारलं, "चौदाचं पंधरा व्हईल का रे?"

अंगदच्या छातीवरचा धोंडा उतरला होता. तरी एक खडा टोचत होताच. घरी आल्यावर तो आईच्या पायाशी बसला. छबुबाईंनी कपाळावरचा गुलाल पदरानं पुसला.

"माय, आता तुज्यावर लिहितो. एक पान न्हाई, वीस पानं लिहितो! बळ पुरं वीस!"

"नगं रे बाबा!" छबुबाई दचकून म्हणाल्या आणि त्यांनी आधी दाराकडं बघितलं. "पाच वर्सं तरी काई लिहू नगंस. केसरबाईला वीस कळलं तर ती मला राजीनामा द्यायला लावंल!"