आप्पांची सुतळी

गेल्या दसऱ्यानंतरचा रविवार. खर्च चाळीस रुपये, सुतळीचा एक मोठा गुंडा. हजर: शेजारचे आप्पा, त्यांचा बेंगळुरूचा मुलगा, मी आणि माझी बायको सुनंदा. सुतळी कशाला आणली हे सांगण्याआधी आप्पा सांगावे लागतील. कारण त्यांच्या घरात एक सुतळी आधीपासून होतीच.

वडगावातल्या त्यांच्या घरी पहिल्यांदा जाणारा माणूस दारातच वाकायचा. नमस्कारासाठी नव्हे, सुतळी गळ्यात अडकू नये म्हणून. पुढच्या खोलीतल्या खुर्चीपासून निघालेली ही सुतळी मधल्या दारावरच्या झरोक्यातून थेट स्वयंपाकघरात जाई. तिकडच्या टोकाला, ओट्यासमोरच्या खिडकीत, लाल फडकं लोंबत असे. इकडचं टोक आप्पांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला.

आप्पा जंगलखात्यात सर्व्हेअर होते. सारी नोकरी कणकुंबीच्या रानात मोजणीची साखळी ओढण्यात गेली. साखळीच्या एका टोकाला आप्पा, दुसऱ्या टोकाला गडी. झाडी इतकी दाट की दोघं एकमेकांना दिसत नसत. मग आप्पा ओरडत, "हाय का?" तिकडून "हाय!" आलं की पुढचं माप. पावसात ओरडणं ऐकू जात नसे. तेव्हा साखळीला एक हिसका द्यायचा, तिकडून उलट हिसका यायचा.

"आणि नाही आला तर ओ?" मी एकदा विचारलं.

"तर मोजणी बंद. साखळी टाकायची आन् गडी हुडकत जायचं. गवा असंल, अस्वल असंल, न्हायतर बिडी वढत बसला असंल."

"बहुतेक वेळा काय निघायचं?"

"बिडी."

नोकरी संपली तरी "हाय का?" संपलं नाही. पेपर वाचता वाचता मध्येच स्वयंपाकघराकडे तोंड करून ते ओरडत आणि आतून आक्का, म्हणजे त्यांची बायको, "हाय!" म्हणत. एका लग्नात, मंगलाष्टकं ऐन भरात असताना, आप्पांनी बायकांच्या बाजूला बघून हाळी दिली. भटजी थांबले. पलीकडून आक्कांचा आवाज आला, "हाय, आन् तुमचा सदरा उलटा हाय!"

पुढं आक्कांना ऐकू येईना. कानातलं मशीन आणलं, ते त्यांनी दोन दिवसांत डबीत घातलं. "त्यात नुसत्या कुकरच्या शिट्ट्या वाजत्यात," म्हणाल्या. आप्पांनी वाद घातला नाही. बाजारात जाऊन सुतळी आणली. एक हिसका म्हणजे "हाय का?" फडकं हललेलं दिसलं की आक्का उलट एक हिसका देत. दोन हिसके म्हणजे चहा.

एकदा विम्याचा एजंट आला आणि त्यानं आपली ओली छत्री त्या सुतळीला अडकवली. वाऱ्यानं छत्री हलत राहिली. आक्का चहा घेऊन आल्या. थोड्या वेळानं पुन्हा घेऊन आल्या. तिसऱ्या कपाला एजंट काकुळतीला येऊन म्हणाला, "आक्का, बस्स!"

"माझं काय न्हाय बाबा," आक्का म्हणाल्या, "तूच मागतोयस."

आप्पांचं दुसरं वेड हद्द. दोन राज्यांच्या सीमेचं कुणी काही विचारलं तर त्यात ते पडत नसत. कोल्हापूरला जाताना कोगनोळीच्या सीमानाक्यावर एसटीच्या खिडकीतून खाली बघून एवढंच म्हणत, "माती तीच हाय." पण त्यांच्या-माझ्या घरामधल्या भिंतीला ही सवलत नव्हती. सुनंदाची वाळत घातलेली साडी वाऱ्यानं पलीकडे गेली की हाक येई, "सुनंदा, पदर हद्दीभाईर!" आमच्या शेवग्याची फांदी त्यांच्याकडे झुकली तर शेंगा तोडून, भिंतीला वळसा घालून, फाटकातून आणून देत. भिंतीवरून कधीच नाही. "हद्द म्हंजे हद्द."

त्या दसऱ्याआधीच्या श्रावणात आक्का गेल्या.

महिन्याभरानं मी आप्पांकडे बसलो होतो. सुतळी तशीच अंगठ्याला. बोलता बोलता त्यांनी पाय ओढला. आत कुणी नव्हतं. जरा वेळानं त्यांचा अंगठा किंचित हलला. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं.

"झोल हाय रं त्यो," ते म्हणाले. "लांब सुतळी मधी लोंबती. वढून सोडली की झोल परत येतो. उत्तर न्हाय ते. मला कळतंय."

ते परत पेपर वाचू लागले.

दसऱ्याला मुलगा आला तो त्यांना न्यायलाच. रविवारी सकाळी त्यानं मला आणि सुनंदाला मदतीला बोलावलं.

"बेंगळुरात काय कमी हाय आप्पा तुम्हाला?"

"जमीन. बाराव्या मजल्यावर कशावर हुबा ऱ्हाऊ मी?"

"मग रोज फोन तरी करशीला?"

"चार्जिंगला लावायचं इसरतो मी."

मुलगा चिडला नाही. हळूच म्हणाला, "आप्पा, एखाद्या सकाळी तुम्ही उठलाच न्हाईसा, तर मला कोण सांगणार?"

जन्मभर रानात आप्पांनी हाच प्रश्न विचारला होता. ते उठले, चपला घातल्या आणि बाहेर गेले. परत आले तेव्हा काखेत सुतळीचा गुंडा होता.

"मला परवानगी पायजे," ते मला म्हणाले.

"कसली ओ?"

"हद्दीपलीकडं यायची."

सुनंदाला आधी कळलं. आप्पा तिला समजावू लागले, "तुझ्या वट्ट्याम्होरं फडकं बांधतो. सकाळी उठलो की एक हिसका दीन. न्हाय आला, तर..."

"तर गॅस बंद," सुनंदा म्हणाली. "आधी तुमच्याकडं."

आप्पांनी मुलाकडे बघितलं. मुलगा खाली बघत होता. मग त्यानं उठून शिडी मागितली.

दुपारपर्यंत सुतळी त्यांच्या झरोक्यातून, ओट्यासमोरच्या खिडकीतून, भिंतीवरून, शेवग्याच्या फांदीखालून आमच्या स्वयंपाकघरात पोचली. टोकाला तेच लाल फडकं. मुलगा रात्रीच्या गाडीनं एकटाच गेला. जाण्याआधी त्यानं सुतळी दोनदा ओढून बघितली आणि सुनंदाला फुकट दोन वेळा स्वयंपाकघरात पळवलं.

खर्चाचं राहिलं. चाळीस रुपये मी सगळेच देऊ केले, ते आप्पांनी घेतले नाहीत. "हद्दीवरचा खर्च सामाईक," म्हणाले. वीस रुपये आप्पांच्या हातात दिले.

पावती दुसऱ्या दिवशी सकाळी आली. फडकं एकदा हललं. सुनंदानं पिठाचे हात वर करून मला खूण केली. मी जपून एक हिसका दिला.

पलीकडे बराच वेळ काहीच झालं नाही. मग फडकं पुन्हा हललं. एकदा, आणि लगेच आणखी एकदा.

सुनंदानं आधणात एक कप पाणी वाढवलं.