कापडी सशाची शास्त्रोक्त तपासणी

माणूस करमणूक करतो आहे की जुगार खेळतो आहे, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळत नाही. म्हणून कायदा करावा लागला. कायदा अगदी सोपा आहे. यंत्रावर कौशल्याने जिंकता आले तर करमणूक, नशिबाने जिंकता आले तर जुगार. (मुळीच जिंकता येत नसेल तर काय, हा विषय उपसमितीकडे आहे.)

हा फरक ओळखायला खात्याने एक निरीक्षक नेमला होता. माणूस सरळमार्गी, स्वतःच्या कौशल्याबद्दल त्याला तिळमात्र शंका नव्हती. एका सकाळी तो लहान मुलांचे केस कापणाऱ्या एका बाईंच्या दुकानात शिरला. कोपऱ्यात काचेची पेटी होती. आत कापडी प्राणी, वर लोखंडी पंजा. नाणे टाकायचे, दांडी हलवायची, पंजा खाली सोडायचा. पंजाने उचललेला प्राणी कोपऱ्यातल्या भोकात पडला की तो आपला.

"तक्रार आलीय," निरीक्षक म्हणाला. "जुगार निघाला तर सील करावं लागेल."

बाईंची कात्री हवेतच थांबली. "साहेब, ही पेटी आहे म्हणून पोरं खुर्चीत बसतात हो. ती गेली तर मी कापू काय, पडदे?"

"घाबरू नका. शास्त्रोक्त तपासणी होईल."

शास्त्रोक्त तपासणी म्हणजे निरीक्षकाने स्वतः खेळायचे. त्याने ससा हेरला. पंजाने सशाचा कान धरला, उचलला आणि अगदी भोकाच्या तोंडाशी आणून सोडून दिला. 'प्राथमिक चाचणी,' निरीक्षकाने नोंदवले. पुढच्या खेपेला 'प्रकाश अपुरा.' मग 'दांडी सैल.' मग नुसतेच 'ससा.' खात्याची नाणी संपली तेव्हा त्याने स्वतःचे पाकीट काढले. (पाकीट काढणे नियमात बसते, पैसे परत मिळणे बसत नाही.) जेवणाचा डबा तसाच राहिला. कोट खुंटीवर गेला.

दुपार कलली तसा खरा पेच त्याच्या ध्यानात आला. यंत्र जुगाराचे ठरले, तर सकाळपासून सरकारी वेळेत जुगार खेळणारा इसम कोण? करमणुकीचे ठरले, तर इतका अडाणी हाताचा इसम कोण? दोन्हीकडे इसम एकच होता.

"बाई," तो घाम पुसत म्हणाला, "तुम्ही कधी जिंकलात?"

"मी कशाला खेळू? माझ्याकडे किल्ली आहे."

"किल्लीला हात लावायचा नाही!" तो चिरक्या आवाजात ओरडला.

बाईंना दया आली. त्याने पुन्हा पंजा सोडला, तेव्हा जमिनीवरचे केस झाडता झाडता त्यांनी पेटीला कमरेचा एक धक्का दिला. ससा धपकन भोकात पडला.

"बघितलंत?" सशाला छातीशी कवटाळून निरीक्षक म्हणाला. "मनगट लागतं याला, मनगट!"

"मनगटच हो, साहेब," बाई म्हणाल्या आणि झाडू पुढे सरकवला.

यंत्र निव्वळ कौशल्याचे असल्याचा दाखला तिथल्या तिथे मिळाला. ससा पुरावा म्हणून निरीक्षकाच्या घरी गेला.

वाचकांना हसू येत असेल तर खुशाल हसावे. पुढे खात्याने नागरिकांची पाहणी केली. आपल्याला जे मिळाले ते मनगटाच्या जोरावर, असे शेकडा शंभर लोकांनी सांगितले. शेजाऱ्याला मिळाले ते नशिबाने, असेही त्याच शंभरांनी सांगितले. तुम्हाला विचारायचे मात्र राहून गेले. तुमचे शेजारी म्हणाले, ते घरी असतील तेव्हा विचारा, पण उत्तर आम्ही आत्ताच सांगतो.