अप्पांचा पुठ्ठा

पोस्टकार्ड उघडंच असतं, तरी ते कसं वाचू नये हे शिकायचं असेल तर आमच्या टपालवाल्या शिवलिंगअप्पांना बघायला हवं होतं. पाथरीच्या टपालखान्यात सकाळी थैली उघडली की अप्पा आपला पुठ्ठा काढायचे. त्याच्या मधोमध चाकूनं कापलेली एक खिडकी. पुठ्ठा कार्डावर ठेवायचा, खिडकीतून पत्ता तेवढा वाचायचा, बाकी सगळा मजकूर झाकलेला.

"न्हानीला दार नसलं म्हनून कोन आत डोकावतं का?" हे त्यांचं ठरलेलं.

निजामाच्या अमलातली गोष्ट. मी तिथं मुनशी होतो. रुमी टोपी घालून मेजामागं बसायचं, आलेली कार्डं चाळायची आणि चाळता चाळता वाचायची, खोटं कशाला बोलू. कुणाची सोयरीक मोडली, कुणाची म्हैस आटली, सगळं मला त्या घरच्यांच्या आधी ठाऊक. अप्पा बघायचे आणि नुसता पुठ्ठा सारखा करायचे. मला राग यायचा. हुद्दा माझा मोठा, आणि लाज ह्यांनी शिकवायची?

खेड्यात बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. कार्ड हाती पडलं की एखादी म्हातारी म्हणायची, "अप्पा, वाचून दाव की रं."

"टपालवाल्याला दुसऱ्याचं वाचता येत न्हाई, मावशी."

मग कमरेचा पट्टा पितळी बिल्ल्यासकट सोडायचा, खुंटीला अडकवायचा, चूळ भरायची आणि ओट्यावर बसायचं. "आता मी आपला अप्पा. दे हिकडं."

वाचून झालं की पट्टा पुन्हा कमरेला. त्यावर म्हातारीनं विचारलं, "लेक कवा येतो म्हनला रं?" तर अप्पा निघता निघता म्हणणार, "मला काय ठाव? मी टपालवाला." झालं, पट्टा पुन्हा सोडा. एका घरी तो चार वेळा सुटल्याचं मला त्याच म्हातारीनं सांगितलं.

अप्पांची बायको, काशीबाई, जाऊन सहा वर्षं झाली होती. एकुलती लेक गिरजा लातुराकडं दिलेली. तिचं पहिलंच बाळंतपण होतं. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण माहेरात बाईमाणूसच नाही, करणार कोण? म्हणून ती सासरीच राहिली, आणि ते अप्पांच्या जिवाला लय लागलं होतं. महिनाभर ते थैली यायच्या आधीच येऊन बसत. माझं काही आलंय का, असं मात्र त्यांनी एकदाही विचारलं नाही.

एका सकाळी कार्ड आलं. सवयीनं मी आधी वाचलं. जावयानं लिहिलं होतं, मुलगी झाली, बाळंतीण सुखरूप. मी खूश होऊन ते ढिगात सरकवलं आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की थैलीच्या दोरीत अडकून कार्डाचा कोपरा फाटलाय. आमच्याकडं कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे मयताची खबर.

अप्पांनी पुठ्ठा ठेवला. खिडकीत स्वतःचंच नाव. मग त्यांची नजर कोपऱ्यावर गेली आणि हात थांबला.

"अप्पा, वाचा की," मी म्हणालो.

"कचेरीत न्हाई. वाटपात माझं घर शेवटचं हाय."

"अहो, थैलीच्या दोरीनं फाटलंय ते."

अप्पांनी माझ्याकडं नीट बघितलं. "तुमाला काय ठाव, मुनशीजी?"

पुढं सांगावं तर वाचल्याची कबुली द्यावी लागणार, आणि तीही ह्या माणसापुढं. मी टोपी सारखी केली आणि पुढची कार्डं लावायला घेतली. अप्पांनी कार्ड गठ्ठ्यात सगळ्यात खाली ठेवलं आणि वाटपाला गेले. आजही ते आठवलं की मला माझीच शरम वाटते.

दिवसभर कामात जीव लागेना. दिवस कलताना त्यांच्या घराच्या ओट्यावर जाऊन बसलो. अप्पा आले, पाय धुळीनं भरलेले. माझ्याकडं न बघता आपल्याच दारात उभे राहिले आणि रोजच्या आवाजात हाक दिली, "शिवलिंगअप्पा, टपाल!"

आतून कोण ओ देणार? तरी ते थोडं थांबले. मग पट्टा सोडून खुंटीला लावला, चूळ भरली आणि कार्ड माझ्यापुढं धरलं.

"तुमी वाचा. दुसऱ्यानं वाचलं की घरात कोनीतरी हाय असं वाटतं. पर आदी टोपी काढा."

मी टोपी काढली आणि वाचलं. मुलगी झाली, गिरजा सुखरूप आहे, आजीचं नाव ठेवायचं, काशी. अप्पांनी मला ते तीनदा वाचायला लावलं. तिसऱ्या खेपेला त्यांनी तोंडावर पंचा धरला.

मग पंचा बाजूला करून म्हणाले, "दोरीनं फाटलं म्हनलात, तवाच वळखलं मी. तुमी वाचलंय, आन वाईट काई न्हाई. त्या आधारावर दिसभर चाललो बगा, न्हाईतर पाय उचलत न्हवते."

"चूक झाली, अप्पा."

"झाली," अप्पा म्हणाले आणि माझ्यासाठी गूळ आणायला आत गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्या मेजावर एक नवा पुठ्ठा होता. मला चष्मा आहे म्हणून त्याची खिडकी जरा मोठी कापलेली होती.