मिशीवर मोजलेली आळी

"आपल्या आळीचा माणूस कमिटीत बसलाच म्हणून समजा!" रखमाबाईनं सकाळीच सगळ्यांना बजावलं.

कल्याणात आगगाडी येऊन तीसेक वर्षं झालेली, पण खाडीकाठच्या या आळीला गोड्या पाण्याची विहीर नव्हती. आता हुकूम निघालेला: एकवीस वर्षांवरचे पुरुष मोजायचे. ज्या आळीत ते पुरेसे भरतील, तिनं म्युनिसिपालटीच्या कमिटीत आपला माणूस निवडावा. माणूस बसला की विहीर आली!

मोजायला मामलेदार कचेरीतला त्र्यंबक कारकून आला. सुक्या मासळीच्या वासाला भिऊन त्यानं उपरण्यानं नाकतोंड असं बांधलेलं, की दरोडेखोर परवडला!

"वय काय?" त्यानं रखमाबाईच्या नवऱ्याला, धाकूला विचारलं.

"असंल वीस-पन्नास."

त्र्यंबक भडकला. "कुणालाच वय ठाऊक नाही! मग मिशी असेल तो मोठा, नसेल तो पोर!"

रखमाबाईनं आळीतल्या बाप्यांकडं पाहिलं. भावकीतला म्हातारा विश्राम नुकताच गेलेला. दहाव्याला अख्ख्या आळीनं मिशा उतरवलेल्या. सगळे सोललेल्या कांद्यासारखे!

"अहो, हे पाच लेकरांचे बाप आहेत!"

"लेकरं नाही, बाई, मिशा मोजतोय."

शेजारचा अल्फान्सो किरिस्ताव तेवढा मिशीवाला. तो एकटा मोजला गेला. एका मिशीवर विहीर येते होय?

दुसरी रडत बसली असती. हिनं त्र्यंबकाला अल्फान्सोकडे शहाळं प्यायला धाडलं, तवा उपडा केला, काजळीत खोबरेल कालवलं आणि घरामागं रांग लावली. धाकूची मिशी तर कानापर्यंत!

त्र्यंबक परतला. "हा मघाशी पोर होता ना?"

"वाढला, साहेब! तुम्ही शहाळं किती वेळ पीत होता!"

तेवढ्यात धाकू शिंकला, त्यानं तोंड पुसलं आणि मिशी कपाळावर गेली! त्र्यंबक असा हसला, असा हसला, की उपरणंच सुटलं.

ओठ गुळगुळीत!

"साहेब, तुमची कुठाय?"

"वडील वारले गेल्या महिन्या..." त्र्यंबकाचा हात ओठावर गेला.

"अगं बाई! म्हणजे मामलेदारांनी पोर धाडलं मोजायला? चला रे कचेरीत, मोठं माणूस मागून आणू!"

"बसा हो, बसा!" त्र्यंबकानं झटपट सगळे मोजले. काजळीसकट!

आळी भरली. धाकू कमिटीत बसला. विहीर झाली. रखमाबाई मात्र मोजली गेली नाही, कारण बायका मोजायचा हुकूमच नव्हता! त्या दिवशी तवा घासावा लागला नाही, एवढंच काय ते तिच्या पदरात पडलं!