चाळीस फुटी खर्ज

आमच्या गाडीतला सगळ्यात खालचा सूर डिकीतून अठ्ठावीस फूट बाहेर येतो, त्यामुळे त्याच्या टोकाला लाल फडकं बांधावं लागतं. सूर चाळीस फूट लांब आणि गाडी बारा फुटांची. यात कुणाची चूक नाही.

मी परदेशात पाच वर्षं ध्वनिशास्त्र शिकले आणि एकच विचार घेऊन जालन्याला परतले: आवाज द्यायचा तर पुरा द्यायचा. इथल्या गाड्यांमध्ये बेस भरपूर असतो, पण तो सगळा गाडीत मावेल एवढा कापलेला. नुसता धपका. कुठल्या वाद्याचा, कुणाच्या हाताचा, काही कळत नाही.

अण्णांना ते कळावं, असं मला वाटत होतं. माझ्या वडिलांनी तीस वर्षं टेम्पोतून लोखंडी सळया वाहिल्या. सळया चढवता-उतरवतानाच्या खणखणाटाने त्यांचे कान गेले. वरचे आवाज संपलेत, डॉक्टर म्हणाले, अगदी तळाचे तेवढे उरलेत, आणि तेही किती दिवस ते सांगता येत नाही.

तरुणपणी अण्णा गावाकडच्या महादेवाच्या देवळात संध्याकाळी नगारा वाजवायचे. मी गावी जाऊन तो नगारा रेकॉर्ड केला. मग सात महिने गाडीवर काम केलं. दारांच्या पत्र्याला आतून डांबरी शीट चिकटवली. डिकीत जाड प्लायवूडची हवाबंद पेटी बसवली, तिच्यात बारा इंची वूफर. नंबर प्लेट थरथरत होती, तिच्यामागे रबराची पट्टी लावली. शेवटी गाडीत नगाऱ्याखेरीज दुसरं काही वाजेना.

अण्णांना पुढच्या सीटवर बसवून मंठा चौफुलीकडे निघाले आणि नगारा सुरू केला. त्यांनी डॅशबोर्डवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला.

"छान झालंय," ते म्हणाले.

माझ्या पहिल्या भाकरीलाही ते असंच म्हणाले होते.

चौफुलीवर मिसाळ हवालदारांनी गाडी बाजूला घ्यायला लावली.

"ताई, माल बाहेर आलाय."

"माल नाही, सूर आहे."

"सळई असो नाहीतर सूर. गाडीच्या बाहेर आला की माल." त्यांनी टेप काढून मोजलं. "अठ्ठावीस फूट. मागून एखादा मोटरसायकलवाला आला तर थेट छातीत जाईल. बाकीचे समदे कापून घेतेत. तुम्हीच तेवढ्या शहाण्या का?"

"कापला तर तो नगारा राहणार नाही."

"मग फडकं बांधा."

अण्णांसाठी मी हे सगळं वहीत लिहिलं. त्यांनी वाचलं, आणि दार उघडून उतरलेसुद्धा. टेम्पो विकला तेव्हा त्यातलं लाल फडकं त्यांनी ठेवून घेतलं होतं. आता त्याने माझ्या गाडीची काच पुसली जायची. ते घेऊन अण्णा गाडीच्या मागे, हवेत हात सरकवत चालत गेले आणि टोकाशी थांबले.

"चाळीस फुटी हाय," ते म्हणाले. "सळईएवढाच. मोजायचं कशाला?"

त्यांनी फडक्याचे दोन वेढे दिले, गाठ मारली, आणि हात तिथेच राहिला. मग दुसराही हात त्यांनी टोकावर ठेवला.

"ह्यो दगडूबा ना?"

देवळात आता दगडूबाच वाजवतो, पण ते मी त्यांना सांगितलेलं नव्हतं.

"डावा हात अजूनबी मागं पडतोय बघ त्याचा. शंभरदा सांगितलं असंल त्याला."

मी मान डोलावली. गाडीत सुराचे पहिले बारा फूट होते. दगडूबा टोकाशी होता.

मिसाळ टेप गुंडाळत पुढे आले. मग म्हणाले, "वडलांना विचारा, दुमडून का घेत नाहीत? सळई नेतेत तसं. टोक आत येईल, त्यांनाबी बसून ऐकता येईल."

मी लिहिलं. अण्णांनी एका हाताने वही धरून वाचलं. दुसरा त्यांनी टोकावरून काढला नाही.

"दुमडलेली सळई साइटवर ठोकून सरळ करतेत," ते म्हणाले. "पुरती सरळ होत नसती ती. आन् ही पोर सात महिने कशापायी राबली मग?" त्यांनी मला गाडीकडे जायची खूण केली. "तू चालव. मी टोक धरतो."

मिसाळांनी आपल्या नोंदवहीत लिहिलं: मालासोबत एक इसम, पायी. "कडेकडेनं जा," ते म्हणाले.

आता रोज ऊन उतरलं की आम्ही बायपासला जातो. मी पहिल्या गिअरमध्ये चालवते. पुढची सीट रिकामी असते. आरशात लाल फडकं दिसतं, त्यावर अण्णांचा उजवा हात, आणि डावा मांडीवर ठेका धरून, दगडूबाच्या जरा आधी पडणारा.

वळणावर ते हात वर करतात. येऊ दे, येऊ दे. चाळीस फुटी माल असला की वळण मोठं घ्यावं लागतं. मी घेते.