लाल बाहेर, काळी आत

डिकी पुसायची, एवढंच मी ठरवलं होतं.

घरच्या गाडीची डिकी पुसली म्हणून कुणाचं काही बिघडत नाही, असं मला त्या रविवारपर्यंत वाटत होतं. गुरगावला राहायला आल्यापासून धूळ हा आमच्या घरातला चौथा माणूस झाला आहे. समोर एकदम तीन टॉवर उठतायत. सकाळी पुसलेल्या टीपॉयवर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. (आमची मुलगी रसिका लिहितेसुद्धा. इंग्रजीत.) आणि मला कुठलीही वस्तू धुळकट किंवा वाकडी दिसली की चैन पडत नाही. दुसऱ्याच्या घरी गेले तरी भिंतीवरचं कॅलेंडर सरळ करून येते.

गाडी आमची सेकंडहँड. आमचे हे, म्हणजे गुणवंत, मानेसरला गाड्यांच्या पार्टच्या कारखान्यात क्वालिटी चेकिंगला आहेत. दिवसभर लोकांच्या चुका काढतात आणि संध्याकाळी कंपनीच्या बसने घरी येऊन माझ्या. त्यांचा एक परदेशी साहेब मायदेशी परत जाताना त्याची मोठी गाडी यांनी घेतली. तिच्यात गाडीच्या कंपनीनेच बसवलेली म्युझिक सिस्टीम होती. मागच्या काचेखालच्या फळीत दोन मोठे वूफर. वूफर म्हणजे जाड, घुमणारा आवाज काढणारे स्पीकर, हे मला आता पाठ आहे. दिल्लीच्या उन्हाने दोन्हीच्या कडा पापडासारख्या तडकल्या होत्या. गाणं लावलं की आत कुणी वाटाणे भाजतंय असं वाटायचं.

"चलता है," असं आम्ही वर्षभर म्हणत होतो. पण पुण्याहून भावजींचा 'येतोय' म्हणून फोन आला आणि चालेनासं झालं.

भावजी म्हणजे यांचे मोठे भाऊ, दत्तात्रय. पूर्वी दिल्लीत सरकारी नोकरीत होते, लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमध्ये राहायचे. माझं लग्न होऊन मी आले ती त्याच घरात. तबला असा वाजवायचे की शेजारचे बंगाली बाबू जेवण सोडून दारात येऊन उभे राहायचे. एका वर्षी गणेशोत्सवात पहाडगंजच्या मराठी शाळेत त्यांचा एकट्याचा तबला झाला, तो यांनी एका कॅसेटवर टेप केला होता. तेवढंच एक रेकॉर्डिंग उरलंय. तीन वर्षांपूर्वी भावजींच्या डाव्या हाताची बोटं आखडली, आणि डावा हात गेला म्हणजे डग्गा गेला. तेव्हापासून ते तबल्याचं नावही काढत नाहीत.

यांनी गुपचूप त्या कॅसेटची सीडी करून आणली. "शालिनी, दादाला स्टेशनवरून आणताना गाडीत त्याचाच डग्गा ऐकवायचा. घरच्या टेपवर डग्गा कधी नीट ऐकूच आला नाही. या गाडीत कसा घुमेल बघ!"

हे बोलताना त्यांचा चेहरा शाळकरी पोरासारखा झाला होता. एरवी तो इन्स्पेक्शन रिपोर्टसारखा असतो.

शनिवारी पम्मीजींनी नवे वूफर बसवून दिले. पम्मीजी आमच्या सेक्टरच्या मार्केटमधले. त्यांना गाडीतल्या आवाजातलं सगळं कळतं, असं ते स्वतःच सांगतात. संध्याकाळी यांनी सीडी लावली. डग्गा असा घुमला की माझ्या हातातल्या बांगड्या किणकिणल्या.

"झकास!" हे म्हणाले. मीही म्हटलं. इथपर्यंत सगळं झकासच होतं.

रविवारी हे अंघोळीला गेले आणि मी डिकी पुसायला घेतली. डिकीत वाकून वर पाहिलं, तर त्या फळीखाली दोन्ही वूफरच्या पाठी दिसत होत्या. प्रत्येकाला दोन तारा, एक लाल, एक काळी. त्यांच्यावर ही धूळ! पुसता पुसता तारांच्या टोकांचे चिमटे निघून हातात आले. मी घाबरले नाही. (तिथेच घाबरायला हवं होतं.) लावताना माझ्या लक्षात आलं की पम्मीजींनी दोन्हीकडे लाल तार डावीकडेच लावली होती. म्हणजे एका वूफरची लाल बाहेरच्या बाजूला, दुसऱ्याची आतल्या. कसं दिसतं ते? आपण देवापुढे दोन समया ठेवतो, मखराला दोन्हीकडून पडदे सोडतो, ते कसं समोरासमोर असतं. मी दोन्हीकडे लाल बाहेर आणि काळी आत लावली. आता कसं, जोडी शोभत होती.

यात सांगण्यासारखं काय आहे, म्हणून कुणाला सांगितलं नाही.

सोमवारी संध्याकाळी यांनी सीडी लावली आणि डग्गा नाहीसा झाला होता. उजव्या हाताचा तबला टकटक करत होता, डाव्या हाताच्या जागी शांतता. त्यांनी फ्यूज पाहिले. गाडीबरोबर आलेलं जाडजूड पुस्तक वाचलं. बटणं फिरवली, फळीवरच्या जाळ्या काढल्या. मंगळवारी पुन्हा तेच. बुधवारी जेवले नाहीत. मग पम्मीजींना फोन लावला. ते अंबाल्याला मेव्हणीच्या लग्नात होते. मागे ढोल इतका दणदणत होता की हेवा वाटावा.

"एक-एक करके चलाओ जी!" पम्मीजी ओरडले.

यांनी डावा बंद केला, तर उजवा छान घुमला. उजवा बंद केला, तर डावा छान. दोन्ही लावले की डग्गा गप्प.

"दोनों ठीक हैं जी! अकेले-अकेले गाते हैं, साथ में नहीं गाते!"

"मम्मी-पप्पा!" रसिका म्हणाली. "बिल्कुल मम्मी-पप्पा!"

"कोई तार उल्टी तो नहीं?" पम्मीजींनी विचारलं.

"तार आपने लगाई है," हे तोऱ्यात म्हणाले.

"मैंने लगाई है? फिर तो सीधी है जी!" आणि त्यांनी फोन ठेवला.

मी शेजारीच उभी होते. तारा उलट्या असायचा प्रश्नच नव्हता. मी स्वतः त्या नीट केल्या होत्या.

शनिवार उजाडला. नवी दिल्ली स्टेशनवर भावजी उतरले तेव्हा बारीक झालेले दिसले. डावा हात शालीखाली. मी वाकून नमस्कार केला. "शालिनी, तू अजून टापटीपच दिसतेस," ते म्हणाले. (हे वाक्य मी आठवडाभर जपून ठेवणार होते.) यांनी त्यांना मुद्दाम मागच्या सीटवर बसवलं. "मागे बस दादा, तिथे चांगलं ऐकू येतं." शेवटपर्यंत आशा होती हो त्यांना, की ऐन वेळी चालेल.

पहाडगंजच्या गर्दीत गाडी अडकली. यांनी सीडी लावली.

टक, टक, तिरकिट, टक.

भावजींनी आपलाच तबला ओळखला. मग ते हळूच म्हणाले, "गुणा, माझा डावा हात तेव्हापासूनच गेलेला होता का रे?"

हसत म्हणाले ते. पण यांनी स्टिअरिंगवर कपाळच टेकलं. मागची रिक्षा हॉर्न वाजवायला लागली. "नाही रे दादा. वूफर. दोन्ही चांगले आहेत. आठवडा झाला शोधतोय. क्वालिटीत वीस वर्षं काढली आणि मला सापडत नाही!"

"थांब, थांब. बघू दे." भावजी वळले. जाळ्या काढलेल्याच होत्या. त्यांनी दोन्ही हातांचं एकेक बोट वूफरवर अलगद टेकवलं. हो, आखडलेलं डावंसुद्धा. डोळे मिटले.

"गुणा," ते म्हणाले, "तुझी ही जोडी भांडतेय. हा बाहेर येतो तेव्हा तो आत जातो. एक 'धा' देतो आणि दुसरा तो परत घेतो. तुझ्याकडे उरणार काय?"

यांनी तिथेच गाडी कडेला घेतली, उतरून डिकी उघडली आणि आत वाकले. मीही गेले.

"एकाची तार उलटी आहे," यांचा आवाज आतून आला. "पम्मीने..."

"पम्मीजींनी नाही," मी म्हटलं. "त्यांनी वाकडं लावलं होतं. मी सरळ केलं."

हे डिकीतून बाहेर आले. डोकं आपटून आले. "तू काय केलंस?"

"लाल बाहेर, काळी आत. दोन्हीकडे. समयांसारखं."

"समयांसारखं," हे म्हणाले. मग पुन्हा एकदा म्हणाले. मागे सीटवर भावजी इतके हसत होते की शाल खाली पडली.

एका वूफरच्या दोन तारा बदलायला पाऊण मिनिट लागलं. सीडी पहिल्यापासून लावली, आणि डग्गा आला. काय आला! भर पहाडगंजात, भाजीवाला आणि दोन हमाल आमच्या काचेशी येऊन उभे राहिले. मी मागे वळून पाहिलं. भावजींचा डावा तळवा मांडीवर होता आणि त्याची बोटं हलत होती. थोडीच, पण लयीत.

यांनी आरशातून पाहिलं. माझ्या मांडीवर हात ठेवला. म्हणजे तारांचं माफ झालं, असं मी समजले.

तेवढ्यात रेकॉर्डिंगमध्ये धप्प झालं. पुन्हा धप्प. मग काहीतरी घर्रर्र ओढल्यासारखं.

भावजींची बोटं थांबली. "हे काय? हे मी वाजवलेलं नाही."

"घरच्या टेपवर हे कधी ऐकू आलं नव्हतं," हे म्हणाले. "पुन्हा स्पीकर गेले की काय?"

धप्प. घर्रर्र. धप्प.

मी खिडकीबाहेर बघायला लागले. पण भावजींना आठवलंच. "गुणा, अरे, तुझी नवी नवरी! त्या दिवशी मी ऐन रंगात आलो होतो, आणि ही बया हॉलमधल्या खुर्च्या रांगेत लावत होती!"

खोटं कशाला बोलू? मागच्या दोन रांगा फारच वाकड्या होत्या.

भावजी आठ दिवस राहिले. रोज गाडीत बसून स्वतःचा तबला ऐकायचे, आणि खुर्च्या आल्या की मला हाक मारायचे. गेल्या रविवारी ते परत गेले. दुसऱ्या दिवशी यांनी डिकीत फळीखाली टेपने एक कागद चिकटवला. मोठ्या अक्षरात, 'कृपया हात लावू नये'. कुणासाठी ते लिहिलं नव्हतं.

चांगलं अक्षर आहे यांचं. पण कागद तिरका लागला होता. आज सकाळी तो सरळ करायला काढला, तर टेपबरोबर एक बारीक निळी तार हातात आली. वर दोन रिकाम्या जागा दिसतायत. मी शिकले आहे, या वेळी मी ती मनाने लावणार नाही. हातात तार धरून यांच्या बसची वाट बघत बसले आहे.

डावीकडची जागा जास्त शोभेल, एवढंच सुचवणार आहे.